मृत्यूची वेळ कशी ठरते?

१९७७ साली अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात एक जुनी कबर उकरलेली आढळली. तिथे शिर नसलेला मृतदेह होता, आणि मांस अजून गुलाबी होतं. कुणीतरी खून करून प्रेत जुन्या कबरीत दडवलं, असा पोलिसांना संशय आला. मानवशास्त्राचे प्राध्यापक डॉ. विल्यम बास यांनी तपासून सांगितलं, मृत्यूला फार तर वर्ष झालं असेल. पुढे कळलं, हा तर अमेरिकी यादवी युद्धात, १८६४ च्या नॅशव्हिलच्या लढाईत मारला गेलेला कर्नल विल्यम शाय! अंदाज जवळजवळ ११३ वर्षांनी चुकला होता. प्रेतात रसायनं भरलेली आणि शवपेटी ओतीव लोखंडाची, म्हणून देह टिकला होता.

माणसाचा देह कसा कुजतो, याच्या पद्धतशीर नोंदीच नाहीत, हे बास यांना जाणवलं. मग टेनेसीतल्याच नॉक्सव्हिलला, आपल्या विद्यापीठाच्या इस्पितळामागे कुंपण घालून त्यांनी संशोधन केंद्र उभारलं. १९८१ मध्ये तिथे दान मिळालेला पहिला देह आला. कुठला देह उन्हात, कुठला सावलीत, कुठला उथळ पुरलेला. माश्या कधी येतात, अळ्या किती वाढतात, सगळं टिपून ठेवायचं. उघड्यावरच्या देहावर माश्या काही मिनिटांतच येतात, आणि अळीच्या वाढीवरून दिवसांचा अंदाज बांधता येतो.

मात्र नुसते दिवस मोजून भागत नाही, ऊबही मोजावी लागते. रोजच्या सरासरी तापमानाची बेरीज करतात. ३० अंशांचे १० दिवस काय किंवा २० अंशांचे १५ दिवस काय, बेरीज ३००च. पण तीही सगळीकडे पुरत नाही. टेक्सासमध्ये गिधाडांचा थवा उतरला, तर काही तासांतच हाडं उघडी पडतात. म्हणून टेक्साससारख्या राज्यांत वेगळी केंद्रं निघाली, आणि २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातही सिडनीजवळ एक सुरू झालं. टेनेसीचा आडाखा कोकणातल्या पावसाळ्याला जसाच्या तसा लावता येणार नाही, तो याचसाठी.

या केंद्रांत येणारे बहुतेक देह दात्यांनी हयातीतच लिहून दिलेले किंवा नातेवाइकांनी दिलेले असतात. आपल्याकडे देहदान म्हटलं की वैद्यकीय महाविद्यालय आठवतं. पण अशा केंद्रांना केलेलं दान न्यायालयाच्याही कामी येतं. ‘त्या दिवशी मी गावातच नव्हतो’ असं आरोपी सांगतो, तेव्हा मृत्यूची तारीख दोन दिवस इकडेतिकडे झाली, तरी निरपराध माणूस अडकू शकतो, किंवा गुन्हेगार सुटू शकतो.