क्रीमची पिशवी का फुटते?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात, २०२४ मध्ये, महिला मंडळाने घेतलेल्या केक सजावटीच्या कार्यशाळेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



केकवर बोलायला मंडळाने मला उभं केलं, तेव्हा काहींना आश्चर्य वाटलं. जन्म बँकेत गेला, या माणसाचा आणि क्रीमचा काय संबंध? संबंध असा की, २०२० च्या लॉकडाऊनपासून आमची सूनबाई घरून केकच्या ऑर्डरी घेते आणि मी तिथला बिनपगारी हेल्पर आहे. साखर चाळणं, नोझल धुणं, पुठ्ठ्याचे खोके उभे करणं आणि हिशेब लिहिणं ही चार कामं माझ्याकडे. क्रीमचा गुलाब मला काढता येत नाही. पण पायपिंग बॅगा फुटताना मी भरपूर पाहिल्या आहेत. बँकेची सवय म्हणून प्रत्येक वेळी वहीत लिहीत गेलो. कोणतं क्रीम होतं, कोणतं नोझल होतं आणि पिशवी कुठे फाटली, असे तीन रकाने. आज जे सांगणार आहे ते त्या वहीतलं आहे.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा पिशवीवर भाषण कशाला? डोंबिवली, कल्याण, ठाणे या पट्ट्यात बहुतेक इमारतींमध्ये आज एक तरी घर केकच्या ऑर्डरी घेतं. लॉकडाऊनमध्ये दुकानं बंद, लोकल बंद, आणि वाढदिवस तर थांबत नाहीत. तेव्हा हौस म्हणून सुरू झालेलं काम पुढे कितीतरी घरांत शाळेची फी, कर्जाचा हप्ता भरायला उपयोगी पडलं. आता अशा घरात शनिवारची संध्याकाळ डोळ्यांसमोर आणा. बाळाचा पहिला वाढदिवस, सात वाजता हॉलवर केक पोचायचा आहे. साडेपाचला शेवटची किनार काढताना पिशवी फुटते. क्रीम केकवर, हातावर, ओट्यावर. समजा पिशवी पाच रुपयांची आणि केक हजाराचा. धोक्यात येतात ते हजार, आणि त्याहून जास्त म्हणजे पुढची ऑर्डर.

आणि त्यावर ती बाई काय म्हणते? "माझा हातच खराब आहे." हे वाक्य मी आपल्याच इमारतीत तीन-चार जणींच्या तोंडून ऐकलं आहे. आज उभा राहिलो तो हे वाक्य खोडून काढायला. पिशवी फुटते तेव्हा दोष हाताचा किंवा नशिबाचा क्वचितच असतो. पुढची वाट कुठेतरी अडलेली असते आणि मागून आपण जोर वाढवत असतो. म्हणून क्रीम येईनासं झालं की हात सैल सोडा आणि अडलंय कुठे ते बघा. बाकी सगळं याच्याच पोटात येतं.

हे आपल्या आया-आज्यांना ठाऊक होतं. शेवेच्या पिठात ओवा घालताना त्या अख्खा घालत नसत. वाटून, त्याचं पाणी गाळून घेत. का? तर ओव्याचा एक दाणा सोऱ्याच्या ताटलीच्या भोकात बसला की शेव तुटते आणि दाबणाऱ्याचा खांदा भरून येतो. सोऱ्या पितळेचा, तो सोसतो. पायपिंग बॅग प्लास्टिकची, ती सोसत नाही. जिलबीवाल्याचं फडकं आठवा. जाड कापड, मधे एक भोक, आणि भोकाला काज शिवतात तशी गच्च शिवण. जिथे ताण येणार तिथेच मजबुती. पाहिजे तर पायपिंग बॅगचे धडे जिलबीवाल्याकडे घ्यावेत.

आता अडतं कुठे ते क्रमाने बघू.

पहिलं कारण गुठळी. माझ्या वहीत सगळ्यात जास्त वेळा हेच आलं आहे, आणि ते जून ते सप्टेंबरात जास्त. आपल्याकडचा पाऊस आणि दमट हवा तुम्हाला सांगायला नको. डब्याचं झाकण जरा सैल राहिलं तरी साखर ओल धरते आणि तिचे खडे होतात. विकतच्या आयसिंग शुगरमध्ये बहुधा थोडं कॉर्नफ्लोर असतं, ते याचसाठी. घरी मिक्सरवर केलेल्या पिठीसाखरेत ते नसतं, शिवाय काही कण जाडच राहतात. नाव लिहायच्या बारीक नोझलमध्ये असा एक कण पुरतो. म्हणून साखर मैद्याच्या बारीक चाळणीतून दोनदा चाळा. बारीक नोझल लावायचं असेल तर क्रीममध्ये बिस्किटाचा चुरा, चॉकलेटचे तुकडे, फळाचा गर नको. आणि नोझल वापरून झालं की लगेच गरम पाण्यात टाका. चांदणीच्या नोझलच्या दातांत वाळलेलं क्रीम बसतं, ते वरून दिसत नाही. उजेडाकडे धरून आरपार बघा. आमच्याकडे हे माझं काम आहे आणि ते मी चष्मा लावून करतो.

दुसरं कारण क्रीमचा कडकपणा. इथे एक गल्लत होते. बटरक्रीम आणि व्हिप्ड क्रीम यांचे स्वभाव उलटे आहेत. बटरक्रीममध्ये लोणी असतं. फ्रीजमधून काढून तसंच पिशवीत भरलं तर ते दगडासारखं बसतं आणि दाबलं की पिशवी फाटते. ते बाहेर ठेवून, मऊ झाल्यावर पुन्हा फेटून मगच भरायचं. व्हिप्ड क्रीम मात्र थंडच पाहिजे. मे महिन्यात आपल्याकडे ओट्याजवळ उभं राहवत नाही, तिथे ते दहा मिनिटांत ढिलं पडतं. मग बायका ते घट्ट व्हावं म्हणून आणखी फेटतात आणि त्याचे दाणे होतात. दाणेदार क्रीम नोझलमध्ये अडतं आणि फूलही फाटकं येतं. त्यापेक्षा भांड्याखाली बर्फ ठेवा. दोन पिशव्या अर्ध्या-अर्ध्या भरा. एक हातात, एक फ्रीजमध्ये. तळहाताची ऊब लागून पहिली सैल पडली की अदलाबदल करायची. लाइट जाण्याची शक्यता असेल तर सजावटीचं काम दुपारवर ढकलू नका, सकाळी उरका.

तिसरं कारण, पिशवी गळ्यापर्यंत भरणं. एकदाच भरली की सुटलो, असं वाटतं. हे का चुकतं ते माझ्या इंजिनिअरिंगला असलेल्या नातवाने मला बॉयलरच्या गणिताने समजावलं. आतला दाब तोच ठेवला आणि पिशवीची जाडी, म्हणजे तिचा फुगलेला घेर, दुप्पट झाला, तर प्लास्टिकवरचा ताणही दुप्पट होतो. शिवाय जाड पिशवीत तेवढाच दाब आणायला हाताला जोरही जास्त लावावा लागतो. म्हणजे हात दुखतो आणि पिशवीही फाटते. म्हणून पिशवी अर्धी भरा, फार तर दोन तृतीयांश. उंच ग्लासात उभी करून, काठ बाहेर दुमडून भरली की कडा स्वच्छ राहते. क्रीम खाली सारून घ्या, म्हणजे मधे हवेचे बुडबुडे राहत नाहीत. बुडबुडा आला की क्रीम थुंकल्यासारखं उडतं, आपण दचकतो आणि पुढच्या वेळी नको तितकं दाबतो. क्रीम जिथे संपतं तिथे पिशवीला पीळ द्या, तो पीळ अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यात धरा आणि वरच्या हातानेच दाबा. दुसरा हात फक्त दिशा दाखवायला. दोन्ही हातांनी मधोमध दाबलं तर क्रीम खाली येतं तसं वरही चढतं.

चौथं कारण कात्री. टोक कापताना बोथट कात्रीने दोन-तीन चावे घेतले की कडेला बारीक चीर राहते. कापड विकणारा आधी कात्रीने छोटी चीर देतो आणि मग कापड हाताने सर्रकन फाडतो, ते पाहिलंय ना? प्लास्टिकचंही तसंच. फाटायला सुरुवात मिळाली की ते थांबत नाही. म्हणून धारदार कात्रीने एकाच घावात सरळ कापा. आधी कमीच कापा, लागलं तर वाढवता येतं. नोझलचा साधारण तिसरा हिस्सा बाहेर आला की पुरे. भोक मोठं झालं तर नोझलच क्रीमसकट केकवर येऊन पडतं. नोझलच्या पाठीमागची कड खरखरीत असेल तर तीही पिशवी आतून कापते. त्यावरून बोट फिरवून बघा.

आता पिशवीबद्दल. एकदा वापरून टाकायच्या प्लास्टिक पिशव्या स्वस्त असतात. पण कोणी त्या गरम पाण्याने धुऊन तीन-तीनदा वापरतात. ती बचत नव्हे. शिवण एकदा ताणली गेली की ती पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. गरम गनाशही पातळ पिशवीत ओतू नका, आधी कोमट होऊ द्या. दुधाची पिशवी किंवा साधी झिपची पिशवी दोन ओळींचं नाव लिहायला चालून जाईल, पण वन-एमसारखं मोठं नोझल आणि घट्ट बटरक्रीम तिला पेलणार नाही. कापडी पिशवी टिकते, मात्र प्रत्येक वेळी गरम पाण्याने धुऊन, उलटी करून पूर्ण वाळवावी लागते. पावसाळ्यात अर्धवट वाळली तर वास धरते, आणि तो वास क्रीमला लागतो. सिलिकॉनची पिशवी महाग, पण रोज काम असणाऱ्यांना परवडते. कोणतीही नवी थप्पी आणली की त्यातली एक पिशवी पाण्याने भरा, तोंड पिळा आणि मोरीत धरून दाबून बघा. कडेने पाणी झिरपलं तर ती थप्पी ऑर्डरीच्या केकला वापरू नका.

एवढं करूनही कधीतरी फुटणारच. तेव्हा काय करायचं? हे मात्र नीट ऐका, कारण इथे केकपेक्षा मोठी गोष्ट आहे. पहिल्यांदा पिशवी केकपासून बाजूला घ्या आणि फाटलेल्या कडा जुळवून बघा. प्लास्टिकचा तुकडा गेलेला नाही ना? तुकडा सापडत नसेल तर त्या भागातलं क्रीम काढून टाका, आणि शंका राहिली तर पूर्ण थर काढा. तो केक एक वर्षाचं मूल खाणार आहे. केक अर्धा तास उशिरा गेला तर फोन करून सांगता येतं. घशात अडकलेल्या प्लास्टिकला फोन करता येत नाही.

चीर कडेला असेल आणि तुकडा गेला नसेल, तर सगळी पिशवी दुसऱ्या नव्या पिशवीत घालून काम चालू ठेवता येतं. केकवर पडलेला गोळा लगेच पुसायला जाऊ नका, पसरतो. दहा मिनिटं केक फ्रीजमध्ये ठेवा, मग सुरीने अलगद उचला. डाग राहिलाच तर तिथे एक फूल जास्त काढा. पाहुण्यांना ते फूल मुळातच होतं असं वाटतं.

आता माझ्या जुन्या नोकरीतले दोन शब्द. हिशेबाच्या वहीत 'फुटतूट' असा एक रकाना ठेवा. जास्तीच्या पिशव्या, वाया गेलेलं क्रीम त्यात लिहा आणि केकची किंमत ठरवताना ते धरा. घरातली बाई वेळेचे आणि नुकसानीचे पैसे धरत नाही आणि मग महिनाअखेरीला म्हणते, एवढं केलं आणि हातात काही उरलं नाही. प्रत्येक ऑर्डरीला दोन पिशव्या जास्तीच्या हाताशी ठेवा. बँकेत त्याला आम्ही राखीव निधी म्हणायचो. आणि विक्री करत असाल तर एफएसएसएआयची नोंदणी करून घ्या. या २०२४ सालात, वर्षाची उलाढाल बारा लाखांच्या आत असेल तर तिची फी वर्षाला १०० रुपये आहे. तो नंबर खोक्यावर छापला की तुमच्याकडे बघायची लोकांची नजर बदलते.

शेवटचं मागणं आपल्या सगळ्या सभासदांकडे. पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो, तेव्हा एकमेकांकडे विरजण मागायला जात होतो. आता कोणी फ्रीजमध्ये केकचा खोका ठेवायला जागा मागितली, तर द्या. हातात केक घेऊन कोणी लिफ्टपाशी उभी दिसली, तर तिला आधी जाऊ द्या. आणि एखादीची पिशवी ऐन वेळी फुटली आणि तिने दार वाजवलं, तर घरात असेल ती पिशवी काढून द्या. पाच रुपयांत शेजार टिकतो, याहून स्वस्त काही नाही.

भगिनींनो, हात तुमचे चांगलेच आहेत. अडलं की जोर लावू नका, वाट मोकळी करा.

पुढच्या रांगेतल्या मंडळींचा धीर संपलेला दिसतो, तेव्हा मी थांबतो.