बसतं, पण जुळतं का?

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं होतं, "तू कॉम्प्युटरवाली, त्यावरच काहीतरी बोल." पण ते सगळं तुमच्या मुलांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. म्हणून मी आज बोलणार आहे रायफलवर. घाबरू नका, आणलेली नाही!

कोल्हापूरकडच्या माणसांना नेमबाजीचं नवल नाही. आपल्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला ५० मीटर रायफल प्रोनमध्ये जगज्जेत्या झाल्या. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमधून ब्राँझ पदक आणलं. मी मात्र या खेळाकडे वळले ते वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, आणि तेही पदकासाठी नाही. रोज तासभर तरी फोन हातात घेता येणार नाही, अशी एक जागा मला हवी होती. पुण्यात घराजवळ रेंज होती, तिथे गेले.

माझा प्रकार १० मीटर एअर रायफल. वर्गातल्या फळ्यापासून शेवटच्या बाकाच्याही थोडं मागे उभं राहायचं आणि नेम धरायचा. दहाचा ठिपका केवढा? अर्ध्या मिलिमीटरचा. बॉलपेननं टिंब द्यावं तेवढा.

नव्या मॅच रायफलची किंमत लाखांत. म्हणून मी जुनी घेतली. नळी आणि यंत्रणा कारखान्यातून आली तशीच, तिला आपण हात लावायचा नसतो. आपल्या कायद्यात ४.५ मिलिमीटरच्या आतली आणि २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेची एअर रायफल परवान्याशिवाय ठेवता येते, पण म्हणून तिच्याशी घरी खेळ करायचे नाहीत. बाकी सगळं मात्र स्वतः निवडून जोडायचं असतं. साइट, खांद्याला टेकणारी पट्टी, गालाचा आधार, वजनं, छर्रे, हवेचं सिलेंडर. मी इंजिनिअर. म्हटलं, यात काय अवघड आहे? मापं बघायची आणि मागवायचं.

पहिली चूक लगेच झाली. पुढच्या साइटच्या नळीत एक रिंग बसवतात, तिच्यातून लक्ष्याचा काळा गोल पाहायचा. या रिंगा १८ आणि २२ अशा दोन मापांत मिळतात. माझी नळी २२ ची आणि हौसेनं मागवलेली रिंग १८ ची. आत टाकली आणि ती खुळखुळली. पैसे गेले, पण चूक तिथल्या तिथे कळली.

दुसरी चूक कळायला महिना लागला. छर्ऱ्यांच्या सगळ्या डब्यांवर ४.५ लिहिलेलं असतं. पण नीट पाहिलं, तर डोक्याचा व्यास कुठे ४.४९, कुठे ४.५०, कुठे ४.५१. फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा. सगळे छर्रे नळीत जातात, सगळे सुटतात. माझे गुण मात्र वाढेनात. मी श्वासाला दोष दिला, वयाला दिला, चष्म्याच्या नंबरलाही दिला. शेवटी आमच्या प्रशिक्षकांनी रायफल शिकंजात घट्ट धरली आणि प्रत्येक मापाचे पाच-पाच छर्रे एकाच जागी झाडले. एका मापाच्या पाचांनी मिळून सहा मिलिमीटरचं भोक पाडलं, दुसऱ्यांनी आठाच्या वर. नेम धरणारी मी तिथे नव्हतेच. म्हणजे चूक माझ्या श्वासाची नव्हती.

तिसरी गोष्ट अंगाची. आधीचा मालक उंच होता आणि मी पाच फूट एक इंच. त्यानं लावलेल्या मापांवर रायफल खांद्याला छान टेकायची. पण डोळा साइटच्या मध्यावर यावा म्हणून मी मान ताणायचे आणि विसाव्या शॉटपर्यंत मान थरथरायला लागायची. पट्टी आत घेतली, गालाचा आधार वर उचलला, तेव्हा डोकं आपोआप जागेवर आलं. मग उत्साहात स्थैर्यासाठी इतकी वजनं लावली, की काट्यावर रायफल ५ किलो ६०० ग्रॅम भरली. नियमात मर्यादा साडेपाच किलोची. पुन्हा काढली.

आणि आता चौथी गोष्ट. खरं तर तीच सांगायला मी उभी आहे.

एअर रायफलच्या सिलेंडरमध्ये २०० बार दाबाची हवा भरतात. गाडीच्या चाकात दोन-सव्वादोन बार असते, त्यावरून अंदाज करा. आणि नेम धरताना हे सिलेंडर आपल्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर असतं. माझं सिलेंडर रायफलबरोबरच आलेलं. आटे नीट बसत होते, गळती नव्हती, काटा २०० दाखवत होता. रविवारी माझी पहिली स्पर्धा होती. गुरुवारी प्रशिक्षकांनी ते हातात घेऊन उजेडात फिरवलं आणि विचारलं, "ताई, हे कधीचं आहे?"

त्यावर तारीख कोरलेली होती, २०१२. ते साल होतं २०२३. या सिलेंडरला निर्मात्यानं दिलेली मुदत दहा वर्षांची.

मी वाद घातला. अगदी इंजिनिअरसारखा घातला. "गळत नाही, दाब धरतंय, एका वर्षानं काय बिघडतं? रविवारचं होऊ दे, सोमवारी बदलते." ते शांतपणे म्हणाले, "फुटेपर्यंत प्रत्येक सिलेंडर चांगलंच असतं, ताई." आणि माझ्या मागे बोट दाखवलं. हवा भरायच्या रांगेत माझ्यामागे तेरा वर्षांची एक मुलगी आपलं सिलेंडर कुशीत घेऊन उभी होती.

मी रविवारी गेले नाही.

त्या रात्री मला ऑफिसातली एक जुनी गोष्ट आठवली. आम्ही दोन प्रणाली जोडल्या होत्या. एक तारीख लिहायची दिवस-महिना, दुसरी वाचायची महिना-दिवस. १ ते १२ तारखेपर्यंत कुठेही काही अडलं नाही, सगळं हिरवं. तेरा तारखेला तेरावा महिना सापडेना, तेव्हा यंत्र ओरडलं. तोवर कितीतरी लोकांच्या हप्त्यांच्या तारखा चुकल्या होत्या आणि त्यांना दंड लागला होता. चाचणीच्या कागदावर सही माझी होती. दंड परत केले, माफी मागितली. पण त्या बारा दिवसांत फोन करून रडलेल्या एका बाईंचा आवाज अजून जात नाही.

जे बसत नाही, ते आपल्याला फसवत नाही. ती १८ ची रिंग प्रामाणिक होती. चांगले कारागीर तर मुद्दाम न बसणाऱ्या गोष्टी घडवतात. ३०० बारच्या बाटलीच्या डीआयएन व्हॉल्व्हची खाच जास्त खोल ठेवलेली असते, त्यामुळे २०० बारसाठी केलेला जोड तिच्यात टेकतच नाही, हवा धरत नाही. चूक करायची म्हटली तरी होत नाही. धोका असतो तो बसणाऱ्या, पण न जुळणाऱ्या गोष्टीचा.

आणि हे मी नवीन काहीच सांगत नाही. आमचे टेक्निकलचे सर आज समोर बसले आहेत. सर, तुम्हाला आठवणार नाही, पण नववीत फायलिंगचा जॉब होता, खाचेत चौकोनी तुकडा बसवायचा. माझा तुकडा बसेना म्हणून मी गुपचूप हातोडीनं ठोकून बसवला आणि ऐटीत तुमच्यासमोर ठेवला. तुम्ही तो खिडकीशी धरलात. एका कडेनं उजेडाची रेघ दिसली. तुम्ही रागावला नाहीत. कपाटातून गेज काढलंत, दोन टोकांचं, एका टोकावर गो आणि दुसऱ्यावर नो-गो. म्हणालात, "हे टोक आत गेलं पाहिजे, ते सगळेच बघतात. ते टोक आत जाता कामा नये, तेही बघत जा."

सर, मी निम्मंच ऐकलं होतं. उरलेलं निम्मं ऐकायला मला तीस वर्षं लागली.

जाता जाता एक. ते जुनं सिलेंडर मी आज आणलंय. हवा पूर्ण काढून, पुन्हा कुणी भरू नये म्हणून जाणकाराकडून त्याला आरपार भोक पाडून घेतलंय. आपल्या शाळेच्या वर्कशॉपमध्ये, त्या गेजशेजारी ते ठेवावं, एवढी विनंती. मुलांना दाखवा, की आटे अजूनही अगदी नीट बसतात.