पाण्यात उतरताना

देवणी-उदगीरकडच्या पोरांना विहिरीत उडी मारायला कुणी शिकवावं लागत नाही. पण मालवणजवळ तारकर्लीला, पर्यटन विकास महामंडळाच्या केंद्रात, स्कूबा डायव्हिंग शिकताना पाठीवर हवेची जड टाकी चढली, की भल्याभल्यांची छाती धडधडते.

विहिरीत आपण डोकं खाली घालून, श्वास रोखून सूर मारतो. स्कूबात नेमकं उलटं. श्वास रोखायचा नाही, तोंडातल्या नळीतून, म्हणजे रेग्युलेटरमधून, सावकाश घेत राहायचा. मोठ्या बोटीवरून उतरताना उजव्या हाताच्या तळव्यानं तोंडातला रेग्युलेटर आणि बोटांनी डोळ्यांवरचा मास्क दाबून धरायचा, नजर समोर ठेवायची आणि एक लांब पाऊल टाकायचं. उडी मारायची नाही. छोट्या होडीच्या काठावर बसून हनुवटी छातीला टेकवायची आणि पाठमोरं पाण्यात जायचं. दोन्ही वेळा आधी खालचं पाणी मोकळं आहे ना, ते पाहायचं. अंगातल्या जॅकेटात थोडी हवा भरलेली असते, म्हणून माणूस क्षणात वर येतो.

हे कळलं की निम्मी भीती जाते. उरलेली सरावानं जाते: आधी उथळ तलावात नुसता श्वास, मग काठावर बसून उतरणं, शेवटी होडीवरून.

दमा, हृदयविकार किंवा कानाचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि मन तयार नसेल, तर प्रशिक्षकाला निःसंकोच ‘थांबा’ म्हणा.