टाकलेली म्हणू नका

कामं उरकून रेडिओजवळ बसलेल्या आणि बांधावर बसून मोबाइलवर ऐकणाऱ्या सगळ्यांना आमच्या बचत गटाचा नमस्कार.

आज आम्ही एका शब्दाबद्दल बोलणार आहोत. 'टाकलेली.' नवऱ्याने सोडलेल्या बाईला आपल्याकडे असंच म्हणतात. फुटकं मडकं टाकावं, चिंधी टाकावी, तशी बाई टाकलेली. सोडून जाणाऱ्या पुरुषाला मात्र काही नाव नाही.

आमच्या गटात आम्ही बारा जणी. निम्म्या ख्रिस्ती, बाकीच्या हिंदू आणि बौद्ध. तीन वर्षांमागे गावातली एक लेक मुलाला घेऊन माहेरी परत आली. "मला गटात घ्या," म्हणाली. आम्ही बैठकीत बोललो. हिचं घर नाही, उद्या कुठे जाईल सांगता येत नाही, कर्जाचा हप्ता थकला तर भरणार कोण? आणि नाही म्हणून सांगितलं. हे सांगताना आजही मान खाली जाते.

त्याच रविवारी मंडळीत पाळकांनी हागारेची गोष्ट सांगितली. बायबलच्या पहिल्याच पुस्तकात ती आहे. हागार मिसर देशाची दासी. मालकिणीला, म्हणजे साराला, मूल होईना म्हणून तिने हागारेला नवऱ्याच्या हवाली केलं. पुढे साराला स्वतःचा मुलगा झाला आणि हागार घरात नकोशी झाली. अब्राहामाने तिला भाकरी आणि पाण्याची मसक दिली आणि लेकरासकट वाटेला लावलं. रानात पाणी संपलं. लेकराचं मरण बघवेना, म्हणून त्याला झुडपाखाली ठेवून ती लांब जाऊन रडत बसली. तेव्हा देवाने त्या लेकराचा आवाज ऐकला, तिचे डोळे उघडले आणि तिला पाण्याची विहीर दिसली. त्याआधी एकदा ती छळाला कंटाळून पळाली होती. तेव्हाही देव तिला भेटला होता. मला पाहणारा देव, असं नाव तिने त्याला दिलं होतं.

घरी येताना आम्ही गप्प होतो. हागारेला काढून देणारं घर देवाला मानणारंच होतं. गोष्टीतली हागार कोण ते आम्हाला कळलं होतं, आणि सारा कोण तेही.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिच्या दारात गेलो. ती म्हणाली, "तेव्हा नको होते, आता कशी चालते?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. "चुकलो," एवढंच म्हणालो. दोन महिन्यांनी ती गटात आली. पहिल्या कर्जातून तिने दोन शेळ्या घेतल्या. आजवर तिचा एकही हप्ता थकला नाही.

एकदा आम्ही तिला विचारलं, त्या दिवसांत तू कशी तरलीस? ती म्हणाली, "पहिलं वर्ष मी रोज हेच मागायचे, तो परत येऊ दे. तो आला नाही. मग मागणं बदललं. आज उठायला बळ दे, एवढंच मागायला लागले. ते मात्र रोज मिळालं."

मैत्रिणींनो, आपल्या पंडिता रमाबाई आठवा. तरुणपणी दुष्काळात आईवडील गेले, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत नवरा गेला. पदरात लहान मुलगी. 1883 साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा आपल्याच लोकांचा रोष ओढवला. 1889 साली त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, पुढे ते पुण्याला नेलं. तिथे धर्मांतराचा आरोप झाला आणि 1893 साली पालकांनी कितीतरी मुली काढून नेल्या. रमाबाईंनी दार बंद केलं नाही. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना, विधवांना घेऊन आल्या. दौंडजवळच्या केडगावला त्यांचं मुक्ती सदन उभं राहिलं. तिथे बायका शेती करायच्या, विणायच्या, छापखानाही चालवायच्या. दुष्काळाची झळ सोसलेल्या बाईनेच दुष्काळातल्या बायकांना जवळ केलं.

प्रभू येशूलाही त्याच्याच नासरेथ गावच्या लोकांनी गावाबाहेर काढलं होतं. तो पुढच्या गावी गेला आणि आपलं काम करत राहिला.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगतो. देवावर भरवसा म्हणजे मार खात घरात राहणं नव्हे, आणि हक्क सोडून देणंही नव्हे. सोडून दिलेल्या बायकोला पोटगी मागता येते, मग तिचा धर्म कोणताही असो. बाईला सरकारकडून मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा. घरात मारहाण होत असेल तर 181 या नंबरवर फोन करा. आमची ताई प्रार्थना करूनच कोर्टाची पायरी चढली.

आणि गटातल्या बायांनो, तुम्हाला एक विनंती. पुढच्या बैठकीत हजेरी घेताना, कोण आलं नाही ते बघालच. पण आपण कोणाला बोलावलंच नाही, तेही एकदा बघा. आणि तिच्या घरी दोघी-तिघी मिळून जा. पहिल्यांदा ती नाही म्हणेल. पुन्हा जा.