स्प्रे मारताना हवा कुठे जाते? घरी मॉडेल रंगवणाऱ्यांसाठी

(या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जसं आलं, तसंच बरंचसं ठेवलंय.)

आज शेड्स, डीकल्स, वेदरिंग यातलं काहीच नाही. आज बोलायचंय हवेबद्दल. मी १/७२ ची विमानं बनवतो आणि माझं टेबल फ्लॅटच्या मागच्या बाल्कनीला लागून आहे. म्हणजे तुमच्यापैकी बऱ्याच जणांसारखीच माझीही परिस्थिती. वेगळा स्टुडिओ वगैरे काही नाही.

एअरब्रश असो किंवा स्प्रे कॅन, त्यातून निघालेला सगळा रंग मॉडेलवर बसत नाही. उरलेला हवेत तरंगतो. त्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक म्हणजे रंगाचे बारीक कण. दुसरी म्हणजे थिनरची वाफ. हा फरक डोक्यात पक्का बसला की अर्धं काम झालं, कारण मास्क घेताना सगळे इथेच गोंधळतात.

कोविडच्या काळातला सर्जिकल मास्क यातलं काहीच नीट अडवत नाही. एन ९५ कण अडवतो, आणि चांगला अडवतो, पण वाफ त्यातून आरपार जाते. लॅकर रंग किंवा एनसी थिनर वापरत असाल तर हाफ फेस रेस्पिरेटर हवा. रबरी किंवा सिलिकॉनचा, दोन बाजूंना कार्ट्रिज लावलेला. कार्ट्रिजमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बन असतो, तो वाफ धरून ठेवतो. त्याच्यावर कणांसाठी वेगळा फिल्टर बसतो. खरेदी करताना पट्ट्याचा रंग बघा. युरोपीय पद्धतीत तपकिरी पट्टा म्हणजे सेंद्रिय वाफा आणि पांढरा म्हणजे कण. अमेरिकन पद्धतीत सेंद्रिय वाफांचा पट्टा काळा असतो.

आता दोन बारकावे. पहिला दाढीचा. मास्कची कड त्वचेला चिकटली नाही तर हवा फटीतूनच आत येणार, मग मास्क कितीही महाग असू दे. घातल्यावर तळहातांनी कार्ट्रिज झाका आणि हळू श्वास आत ओढा. मास्क चेहऱ्याकडे ओढला गेला तर सील बरोबर आहे. दुसरा बारकावा साठवणीचा. कार्बन उघड्यावर ठेवला तरी हवेतलं काहीबाही शोषत राहतो. काम झालं की मास्क घट्ट झाकणाच्या डब्यात किंवा झिपच्या पिशवीत ठेवा. मास्क लावलेला असताना थिनरचा वास येऊ लागला तर तिथेच थांबा आणि कार्ट्रिज बदला.

बरं, "मी तर पाण्याचे ॲक्रिलिक वापरतो, मला काय?" हा प्रश्न येतोच. वाफेचा त्रास त्यात कमी, हे खरं. पण कण तेवढेच बारीक असतात, आणि रंगद्रव्य आणि बाइंडर फुप्फुसात जायला नकोच. त्यामुळे किमान एन ९५ तरी लावा आणि हवा बाहेर काढायची सोय करा. आणि गाड्यांच्या गॅरेजमध्ये मिळणारा टू-के क्लिअर कोट, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा तो, घरात मारूच नका. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. त्यांची एकदा ॲलर्जी बसली की पुढे थोड्याशा संपर्कानेही दमा उसळू शकतो. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क असतो, त्याचं ते काम आहे. आपल्या साध्या कार्ट्रिजचं नाही.

मध्यंतरी एका श्रोत्याचा मेसेज आला. वन बीएचके घर, त्याचं टेबल आतल्या खोलीत, रात्री त्याच खोलीत धाकटी बहीण झोपते. त्याने लिहिलं, "मी मास्क लावतो, आणि वास तर पाच मिनिटांत जातो."

मित्रा, वास जात नाही, तुझ्या नाकाला त्याची सवय होते. बाहेरून आत येणाऱ्याला तो लगेच कळतो. आणि मास्क फक्त तुझ्या तोंडावर आहे, बहिणीच्या नाही. थिनरच्या वाफा हवेपेक्षा जड असतात, त्या खाली जमिनीलगत साचतात. गादी जमिनीवरच घालत असाल तर विचार कर. खिडकी बंद करून एसी लावणं हाही उपाय नाही. घरगुती स्प्लिट एसी बहुतेक वेळा तीच हवा खोलीत फिरवत राहतो.

मग करायचं काय? हवा एका बाजूने आत यायला हवी आणि दुसऱ्या बाजूने बाहेर जायला हवी. टेबल खिडकीजवळ घ्या, पंख्याचं तोंड बाहेर ठेवा आणि समोरची खिडकी किंवा दार थोडं उघडा. तुम्ही, मग मॉडेल, मग पंखा, अशी रांग ठेवा, म्हणजे फवारा तुमच्यापासून लांब ओढला जाईल. मधल्या खोलीत हवा सोडून उपयोग नाही.

स्प्रे बूथ घ्यायचा किंवा बनवायचा असेल तर ढोबळ हिशोब सांगतो. बूथच्या तोंडाशी हवेचा वेग मिनिटाला साधारण १०० फूट धरतात. तोंड २ फूट रुंद, दीड फूट उंच असेल तर क्षेत्रफळ ३ चौरस फूट, म्हणजे ३०० सीएफएमचा पंखा. डक्टची लांबी आणि वळणं वाढली की ओढ कमी होते, म्हणून डक्ट आखूड आणि सरळ ठेवा. ओढ तपासायची असेल तर रंगाचा डबा उघडण्याआधी उदबत्ती लावून बूथच्या तोंडाशी धरा. धूर सरळ आत गेला पाहिजे. मग उदबत्ती पूर्ण विझवा, आणि त्यानंतरच रंग उघडा.

हे विझवण्याचं गंमत म्हणून सांगत नाहीये. थिनरची वाफ पेट घेते, आणि स्प्रे कॅनमध्ये ढकलायला सहसा एलपीजीसारखा ज्वलनशील वायू असतो. देवघरातला दिवा, गॅसची शेगडी, कॉइल, सिगारेट, सगळं बंद. पंख्याची मोटर ठिणगी पाडणारी, म्हणजे ब्रशवाली नको. कॅन उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नका.

पावसाळ्यात लोक खिडकी लावून घेतात. दमट हवेत लॅकरवर पांढरट झाक येते, ही तक्रार खरी आहे. पण त्यासाठी खोली बंद करू नका, कोरड्या दिवसाची वाट बघा. किट कुठे पळून जात नाही.

शेवटचे दोन मुद्दे पटकन. एअरब्रश धुताना थिनर हवेत उडवू नका, क्लीनिंग पॉटमध्ये सोडा, आणि तेव्हाही मास्क लावलेलाच ठेवा. हाताला नायट्राइलचे ग्लोव्ह्ज घाला, थिनरने भिजले की लगेच बदला. आणि रंगवलेलं मॉडेल वाळतानाही वाफ सोडतं. ते रात्रभर झोपायच्या खोलीत नको, बाल्कनीत डब्याखाली ठेवा.

बजेट कमी असेल तर क्रम असा: आधी मास्क, मग बाहेर तोंड केलेला पंखा, मग बूथ. नवीन एअरब्रश त्यानंतर. डोकं दुखलं, गरगरलं, मळमळलं तर "हा एक कोट होऊ दे" म्हणू नका. बंद करा, मोकळ्या हवेत जा, बरं वाटलं नाही तर डॉक्टरांना दाखवा.

तुमच्या टेबलाचा आणि खिडकीचा फोटो पाठवा, पंखा कुठे बसवायचा ते मिळून ठरवू. पुढच्या भागात भेटूच!