व्यायाम झाला, आता प्रोटीन किती?

(रौप्यमहोत्सवी वर्षातल्या आरोग्य व्याख्यानात आपल्या ‘सी’ विंगमधल्या आहारतज्ज्ञ सभासद भगिनींनी जे सांगितलं त्याचा हा मजकूर. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. – संपादक मंडळ)



आजचा विषय कमिटीने दिला असला तरी तो सुचवला आहे आपल्या तरुण मुलांनी. टेबल टेनिसच्या खोलीची जिम झाल्यापासून लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये, जिथे भेटेल तिथे मला एकच प्रश्न येतो. “मॅडम, वर्कआउटनंतर प्रोटीन किती घ्यायचं?” कोणी म्हणतो दोन स्कूप, कोणी म्हणतो अर्ध्या तासाच्या आत घेतलं नाही तर सगळी मेहनत पाण्यात. म्हणून मी मुलांसाठी तयारी करून आले, आणि इथे बघते तर पुढच्या चार रांगा साठीच्या पुढच्या! बरंच झालं. प्रश्न मुलं विचारतात, पण उत्तराची जास्त गरज या चार रांगांना आहे. का ते सांगते.

आधी मुलांचं उत्तर देऊन टाकते, म्हणजे ती कॅन्टीनकडे सटकायला मोकळी.

आपण मागे बिल्डिंगचं प्लास्टर काढलं होतं, आठवतंय ना? व्यायाम तसाच असतो. वजन उचललं की स्नायूंमधलं जुनं प्रोटीन मोडायचा वेग वाढतो आणि नवीन बांधायचा वेगही वाढतो. मजूर कामावर आलेले असतात, आता त्यांना सिमेंट पाहिजे. ते सिमेंट म्हणजे जेवणातलं प्रोटीन. काहीच खाल्लं नाही तर मोडणं जास्त आणि बांधणं कमी, असा हिशेब राहतो.

पण हे मजूर अर्ध्या तासात घरी जात नाहीत. व्यायामानंतर स्नायू बांधणीचा वाढलेला वेग चांगला चोवीस तास, कधी त्याहूनही जास्त टिकतो. २०१३ साली शोनफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावरचे बरेच प्रयोग एकत्र करून तपासले. व्यायामाच्या आगेमागे लगेच प्रोटीन घेणाऱ्यांना फायदा झालेला दिसत होता, पण त्यांच्या पोटात दिवसभरात एकूण प्रोटीनही जास्त जात होतं. तो फरक हिशेबात घेतल्यावर वेळेचा फायदा जवळजवळ उरलाच नाही. तेव्हा जिममधून धावत घरी जाऊन शेकर हलवायची गरज नाही. दुपारी दोनला नीट जेवून पाचला व्यायाम केला असेल तर रात्रीचं जेवण आठला झालं तरी चालतं. सकाळी उपाशीपोटी व्यायाम करणाऱ्यांचं थोडं वेगळं, कारण त्यांचं शेवटचं जेवण आदल्या रात्रीचं असतं. त्यांनी तासाभरात नाश्ता करावा.

आता किती. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात २००९ साली सहा तरुणांवर एक छोटा पण गाजलेला प्रयोग झाला. पायांचा व्यायाम करून घेतल्यावर त्यांना वेगवेगळ्या दिवशी ०, ५, १०, २० आणि ४० ग्रॅम अंड्याचं प्रोटीन दिलं. २० ग्रॅमपर्यंत बांधणी वाढत गेली. ४० ला ती फारशी वाढली नाही, जास्तीचं प्रोटीन शरीराने इंधन म्हणून जाळलं. ‘एका वेळी २० ग्रॅम’ हा आकडा बराचसा तिथून आला. पुढे स्कॉटलंडमध्ये स्टर्लिंग विद्यापीठात सगळ्या अंगाचा व्यायाम करून घेतल्यावर ४० ग्रॅमने २० ग्रॅमपेक्षा थोडी जास्त बांधणी दिसली. आणि २०२३ मध्ये नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टच्या संशोधकांनी एकदम १०० ग्रॅम देऊन बघितलं, तर शरीर ते बारा तासांहून जास्त वेळ हळूहळू वापरत राहिलं. म्हणजे वीसच्या वरचं सगळं वाया जातं असं नाही, पण शंभर घ्यायचं कारणही नाही.

तरुणांनी साधा हिशेब ठेवावा. व्यायामानंतरच्या खाण्यात वजनाच्या दर किलोला पाव ग्रॅम. ६५ किलोच्या मुलाला सोळा-सतरा ग्रॅम. दिवसभराचं म्हणाल तर ४९ प्रयोगांचा एकत्रित अभ्यास २०१८ मध्ये झाला, त्यात किलोमागे साधारण १.६ ग्रॅमनंतर स्नायू वाढण्यात आणखी फायदा दिसेनासा झाला. आपल्या ६५ किलोच्या पठ्ठ्याला दिवसाला १०४ ग्रॅम. ही वरची हद्द, आणि तीही नेटाने वजन उचलणाऱ्यासाठी. आठवड्यातून दोनदा जिममध्ये जाऊन आरशात फोटो काढणाऱ्यासाठी नाही.

आता पुढच्या रांगा.

आपण इथे राहायला आलो तेव्हा बहुतेक जण पस्तिशी-चाळिशीत होतो. लिफ्ट सुरू व्हायला वेळ लागला, तर गॅसचा सिलेंडर खांद्यावर घेऊन चौथ्या मजल्यावर जाणारे काका आज इथे बसलेत. बिल्डिंग पंचवीस वर्षांची झाली म्हणजे आपणही झालो की. बिल्डिंगचं स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यायचा नियम आहे, माणसाला तसा नियम नाही. तिशी-चाळिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होत जातात आणि साठीनंतर तो वेग वाढतो. वजनकाट्यावर हे कळत नाही, कारण स्नायू गेले तरी त्या जागी चरबी येऊन बसते. कळतं ते बसमध्ये चढताना. भारतीय संडासातून उठताना. आणि कधी कधी बाथरूममध्ये पडून खुब्याचं हाड मोडल्यावर.

आपण आत्ताच एक ऑडिट करू. मागच्या तरुणांनी पुढे या, या प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत, पाठ धरून ठेवा. ज्यांचे गुडघे फार दुखतात किंवा चक्कर येते त्यांनी करू नका. बाकीच्यांनी हात छातीवर घडी करून ठेवायचे, हात न टेकता पूर्ण उभं राहायचं आणि बसायचं, असं पाच वेळा. मी घड्याळ लावते.

(इथे हॉलमध्ये सर्वांनी ही चाचणी केली. हशा आणि टाळ्या. – सं.)

बरं. आशियाई तज्ज्ञांच्या गटाने २०१९ मध्ये जे निकष ठरवले त्यात या चाचणीला १२ सेकंद किंवा जास्त वेळ लागला तर स्नायूंची तपासणी पुढे करावी असं म्हटलंय. मी आकडे विचारत नाही, ज्याचे त्याला कळले. घाबरायचं नाही. पण विसरायचंही नाही.

वय वाढलं की आणखी एक होतं. तेवढंच प्रोटीन खाल्लं तरी स्नायू पूर्वीइतका प्रतिसाद देत नाहीत. मजूर म्हातारे झाले, एका हाकेला उठत नाहीत, दोनदा हाक मारावी लागते! एका जेवणातून बांधणी पूर्ण वेगाने व्हायला तरुणांना किलोमागे साधारण ०.२४ ग्रॅम पुरतं, तर सत्तरीच्या आसपासच्या पुरुषांना ०.४० ग्रॅम लागतं, असं २०१५ च्या एका अभ्यासात दिसलं. म्हणजे ६० किलोच्या नातवाला पंधरा ग्रॅम आणि ६० किलोच्या आजोबांना चोवीस. आपल्या घरात बरोबर उलटं चालतं. अंडी नातवाला आणि आजोबांना चहा-बिस्किट.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने प्रौढांसाठी दिवसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम सांगितलं आहे. वयस्कांचा विचार करणारा एक आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगट २०१३ पासून १ ते १.२ ग्रॅम सांगतो. ६० किलोच्या काकूंना ६० ते ७२ ग्रॅम. आता त्यांचा नेहमीचा दिवस मांडू. सकाळी फिरून आल्यावर चहा आणि दोन बिस्किटं, एक ग्रॅम. पोह्यांची बशी, शेंगदाणे धरून सात-आठ. दुपारी दोन पोळ्यांचे सहा, भाजीचे दोन, थोड्या भाताचे दोन. वरण? एवढ्याशा डाळीत तांब्याभर पाणी, म्हणजे तीनच. ताकाचे दोन. रात्री मुगाची खिचडी नाहीतर दूध-पोळी, सात-आठ. करा बेरीज. तीस-बत्तीस. निम्मं! आणि या बाई सकाळी नियमाने पाऊण तास चालतात, तब्येतीची काळजी घेतात.

चालण्याबद्दलही दोन शब्द, राग मानू नका. चालणं हृदयाला, साखरेला, मनाला उत्तम. स्नायूंची ताकद वाढायला मात्र ओझं लागतं. बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमात शंभर अशक्त रहिवाशांवर एक प्रयोग झाला, तो १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. सरासरी वय ८७. दहा आठवडे पायांना वजनाचा व्यायाम दिला, तर ताकद दुपटीहून जास्त झाली. ज्यांना व्यायामाशिवाय फक्त पोषक पेय दिलं त्यांना त्याचा फायदा झाला नाही. सिमेंटच्या गोणी आणून ठेवल्या आणि मजूरच बोलावले नाहीत, तर भिंत कोण बांधणार? म्हणून परदेशातल्या मुलीने प्रोटीनचा डबा पाठवला तरी तो उघडण्याआधी ही खुर्चीची उठबस रोज दहा-दहा वेळा तीनदा सुरू करा. जिम मुलांचीच आहे असं कोणी ठरवलेलं नाही. सकाळी दहा ते बारा ती रिकामीच असते.

आता ताटात काय. तयारी डब्यात नाही, ओट्यावरच आहे.

सकाळचा नाश्ता आधी सुधारा, आपल्याकडे सगळ्यात गरीब जेवण ते. एका अंड्यात सहा ग्रॅम. दोन अंडी, पेलाभर दूध आणि मूठभर फुटाणे, झाले चोवीस-पंचवीस. अंड्याचा पिवळा भाग बेसिनमध्ये ओतणाऱ्या मुलांनी ऐका. २०१७ मध्ये इलिनॉय विद्यापीठात सारखंच १८ ग्रॅम प्रोटीन एकदा अख्ख्या अंड्यांतून आणि एकदा नुसत्या पांढऱ्यातून दिलं, तर व्यायामानंतर अख्ख्या अंड्यांनी जास्त बांधणी केली. कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर किती अंडी ते डॉक्टरांना विचारा, पण ओतून देऊ नका.

शाकाहारी घरात ५० ग्रॅम मुगाचं धिरडं, आत ५० ग्रॅम पनीर कुस्करून, सोबत वाटीभर दही. पंचवीसच्या आसपास गेलं. थालीपीठ-दही हे पोह्यांपेक्षा केव्हाही सरस. भाजणीत धान्य आणि डाळ एकत्र असते, एकात जे कमी ते दुसऱ्यात मिळतं. वरण घट्ट करा, माणशी निदान ३० ग्रॅम कोरडी डाळ धरा, त्यातून साडेसहा ग्रॅम येतात. सोयाच्या वड्या स्वस्त आणि जबरदस्त, ३० ग्रॅम कोरड्या वड्यांत पंधरा. चव आवडत नाही म्हणता, मसालेभातात घालून बघा. मासळी-कोंबडी खाणाऱ्यांचं सोपं, शंभर ग्रॅमला साधारण वीस. फक्त रस्सा ओरपून तुकडे मुलांच्या ताटात सरकवू नका.

पावडरबद्दल माझं मत विचारलंत म्हणून. ती विष नाही आणि जादूही नाही, दुधापासून काढलेलं प्रोटीन आहे. एका स्कूपमध्ये बहुतेक वीस ते पंचवीस ग्रॅम. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये शरीर कमावण्यासाठी असे पूरक डबे टाळा असंच सांगितलंय. मी स्वतः शाळकरी मुलांना देत नाही. भूकच लागत नाही, दात नाहीत, मोठ्या आजारातून उठलेत अशा वयस्कांना मात्र कधी कधी मी देते. हा फरक लक्षात घ्या, कारण घरोघरी डबा भलत्याच माणसाच्या हातात असतो.

आणि हे नीट ऐका. मूत्रपिंड निरोगी असेल तर एवढ्या प्रोटीनने ते बिघडल्याचं दिसलेलं नाही. पण ज्यांना डायबेटिस किंवा ब्लडप्रेशर आहे त्यांचं मूत्रपिंड आतून दुखावलेलं असू शकतं आणि त्यांना ते माहीतही नसतं. त्यांनी आधी रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासावं, मगच आकडा वाढवावा. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना प्रोटीन कमी ठेवावं लागतं, डायलिसिस सुरू झालं की उलट वाढवावं लागतं. तिथे माझं किंवा शेजारणीचं ऐकायचं नाही, आपल्या डॉक्टरांचं ऐकायचं.

प्रश्न बरेच आले. दोनच घेते, जेवणं थांबलीयेत.

‘बी’ विंगमधल्या काकांनी विचारलंय, संध्याकाळी योगासनं करतो, मला लागू आहे का? आहे. उत्कटासन, वीरभद्रासन यांत पायावर भार येतोच. पण नुसता प्राणायाम असेल तर उठबस जोडा.

आणि काकूंचा प्रश्न, एकादशीला काय करायचं? साबुदाण्यात प्रोटीन जवळजवळ नसतं, खिचडीत जे येतं ते दाण्याच्या कुटाचं. तेव्हा कूट सढळ हाताने घाला, सोबत वाटीभर घट्ट दही घ्या, रात्री राजगिऱ्याची भाकरी आणि दाण्याची आमटी करा, झोपताना दूध. आणि त्या दिवशी उठबस चुकवायची नाही, तिला उपास नाही.