शब्दांची जबाबदारी कोणाची?

(खडकी येथे महिला गटांच्या बैठकीत केलेले भाषण)



लिहिणाऱ्याने लिहिले, करणाऱ्याने केले. मग दोष कोणाचा? आपण बसलो आहोत तिथून जवळच, गणेशखिंडीच्या रस्त्यावर, २२ जून १८९७ च्या रात्री दामोदर चापेकरांनी प्लेगचा अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली. आठवडाभर आधी, १५ जूनच्या 'केसरी'त, अफझलखानाच्या वधाचे समर्थन छापून आले होते. टिळकांवर खुनाचा आरोप नव्हता. पण त्या लेखनाबद्दल राजद्रोहाखाली त्यांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. सत्तेला शब्दांची भीती वाटली की ती लिहिणाऱ्याला पकडते.

बाईच्या जिवावर बेतणाऱ्या शब्दांचा मात्र कोणी जाब विचारत नाही. १८८१ साली सुरतेकडच्या विजयालक्ष्मी या तरुण ब्राह्मण विधवेला, स्वतःचे मूल मारल्याबद्दल फाशी सुनावली गेली. पुढे अपिलात फाशी टळली. विधवेला मूल झाले तर कुळाला कलंक, असे पिढ्यान्‌पिढ्या लिहिणारे आणि सांगणारे आरोपीच्या पिंजऱ्यात नव्हते. तिथे ती एकटी होती. उलट 'पुणेवैभव'मधून समस्त बायकांवरच तोंडसुख घेतले गेले. तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून या मंडळींना जाब विचारला.

मारणारा हात नवऱ्याचाच असतो. 'पोथीत लिहिलंय' ही पळवाट त्याला देता कामा नये. पण तो हात उचलणे ज्यांनी सोपे केले, त्यांनाही मोकळे सोडता येत नाही. त्यांना तुरुंग नको. उत्तर मात्र द्यायला लावले पाहिजे.

आणि आपले काय? काही वर्षांपूर्वी मी एक पत्रक लिहिले : मार खात राहू नका, घराबाहेर पडा. खडकी बाजारात आम्ही ते वाटले. पंधरा दिवसांनी रात्री एक बाई दोन मुले घेऊन दारात उभी. हातात तेच पत्रक, घड्या घालून फाटलेले. म्हणाली, "ताई, हे तुम्हीच लिहिलंय ना?"

आमच्याकडे राहण्याची सोय नव्हती, वकील ठरलेला नव्हता. तीन दिवस ती माझ्या घरी राहिली आणि परत गेली. त्यानंतर तिला आधीपेक्षा जास्त मार बसला. मारले मी नाही. तरी त्यात माझा काहीच वाटा नाही, असे मला आजही म्हणता येत नाही.

पत्रकातले वाक्य मी मागे घेतलेले नाही. ते खरेच आहे. पण बाहेर पडून जायचे कुठे, भेटायचे कोणाला, हे खाली लिहिता आल्याशिवाय आम्ही आता पत्रक छापत नाही. दुसऱ्यांच्या शब्दांचा हिशेब मागणाऱ्या आपण. आपल्या शब्दांचा हिशेब आधी आपणच द्यायला हवा.